नावापुढचा आकडा

धावपट्टीवर झोपलेल्या माणसाला उठवायचं तर पायाला हात लावून उठवावं. डोक्याला हात लावू नये.

लाल पत्ता म्हणजे बाहेर. पिवळा म्हणजे ताकीद. हिरवा म्हणजे चूक कुणाचीच नाही.

मोएओ आत्या पंखा विणायला बसली की केवड्याच्या पानाच्या चार पट्ट्या दातांत धरून बोलते, आणि तरी तिचं बोलणं सगळ्यांना समजतं.

या शहरातली ट्राम वळणावर किंचाळते. कुणी मान वर करत नाही.

बटाटा, तीन तऱ्हांनी शिजवलेला. भात नाही.

गेल्या खेपेला रेडिओवर निवेदकानं तिचं नाव घेतलं, थोडा थांबला, आणि मग वाऱ्याची दिशा सांगितली.

एका देशातून एक बाई, एक पुरुष.

यातलं कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे सुलामीला लावता येत नव्हतं. जागतिक स्पर्धेच्या मैदानाच्या पोटात एक बिनखिडकीची खोली होती, हजेरीची. तिथं पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ खुर्च्यांवर आठ मुली बसल्या होत्या आणि शर्यतीला अर्धा तास होता. एका बाईनं येऊन प्रत्येकीच्या बुटांचे खिळे मोजपट्टीला लावून पाहिले, पिशव्या उघडायला लावल्या, फोन काढून घेतले. सुलामीच्या पिशवीतून आत्यानं दिलेला पंखा निघाला. बाईनं तो उलटासुलटा केला, त्यात लपवण्यासारखं काही नाही अशी खात्री झाल्यावर स्वतःलाच दोनदा वारा घालून घेतला आणि परत दिला. फाकाफेताई, सुलामी म्हणाली. इथं आल्यापासून आभाराचा शब्द तेवढा तिच्या तोंडून आपल्याच भाषेत निघे. बाकीच्या शब्दांसाठी डोक्यात शोधाशोध करावी लागे, हा आधीच ओठांवर बसलेला असे. बसच्या ड्रायव्हरला फाकाफेताई, दार उघडून धरणाऱ्याला फाकाफेताई, बटाटा वाढणाऱ्यालाही. छातीवरच्या कापडावर तुवालू असं लिहिलं होतं आणि खाली नंबर. सातवी लेन. वय पंचवीस. एरवी ती फुनाफुतीला तिकिटांच्या सरकारी कचेरीत बसून परदेशातल्या हौशी लोकांना पोस्टाच्या तिकिटांची पाकिटं पाठवत असे. या शहराचं नाव तिनं पाकिटांवर किती वेळा लिहिलं असेल. लिहिताना ते नाव म्हणजे नुसती अक्षरं होती. त्यात ट्राम नव्हती, थंड जिने नव्हते, आणि ही खोली तर नव्हतीच.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर आपिनेलु तिच्यासमोर येऊन बसला होता. त्याची शर्यत काल झाली. शंभर मीटर पुरुष, प्राथमिक फेरी, आठांत सातवा. त्यामुळं तो आज राजासारखा खात होता. "आठवा कोण होता माहिताय?" तो म्हणाला. "त्याचा पाय मुरगळला होता," सुलामी म्हणाली. "मुरगळू दे की. मागं तो मागंच. मी काय मुरगळायला सांगितलं होतं त्याला?" तो नानुमांगाचा, ती नुकुफेतौची. दोन्ही बेटांचं एकमेकांना टोमणे मारण्याचं नातं आजोबापणजोबांपासूनचं. ती सख्खी-चुलत भावंडं असती तर तिकडच्या रीतीनं एका टेबलावर बसून असं बोलणं शोभलं नसतं, पण तसं काही नव्हतं, म्हणून तो मोकळा सुटला होता. "तुम्हा नुकुफेतौवाल्यांचं एक आहे. जन्मभर खेकड्यांच्या मागं. म्हणून तुम्ही पळता तेही आडवे." "आणि तुम्ही नानुमांगाचे," सुलामी म्हणाली, "बोट सुटली की मग पळायला लागता." नेलेसोने मास्तर शेजारी बसून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवलेलं आपलं जुनं घड्याळ पुसत होते. ते हायस्कुलात गणित शिकवत आणि संध्याकाळी या दोघांना पळवत. "खा आता," ते मान वर न करता म्हणाले. "आपिनेलु, तिला हसवू नकोस. पोटात दुखायला लागेल." "हसली नाही तर डोक्यात दुखेल मास्तर," आपिनेलु म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि मग जे बोलायचं सगळेच टाळत आले होते त्याच्या अगदी काठावर जाऊन ते म्हणाले, "बंदुकीच्या आधी हलायचं नाही. एवढंच. बाकी सगळं तुला येतं."

बंदुकीच्या आधी हलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात ती हलली होती. फुनाफुतीला बंदूक कुठली? मास्तर दोन फळ्या एकमेकींवर आपटत, आणि फळ्या आपटण्याआधी त्यांचे खांदे किंचित वर जात. वर्षानुवर्षं ती फळ्यांवर नव्हे, त्या खांद्यांवर सुटत आली होती, हे तिला आणि मास्तरांना दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिथल्या पिस्तूलवाल्याचा खांदा उगीचच हलला, कदाचित त्याला खाज सुटली असेल, आणि सुलामी चार पावलं पुढं गेली. मग लाल पत्ता. मग एका मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो, मग बोगदा, मग कपडे भरणं. नावापुढं बाद झाल्याची दोन परकी अक्षरं छापून आली, आकडा नाही. विमानातून उतरली तेव्हा गळ्यात इतके हार पडले की समोरचं दिसेना. सभागृहात सगळी बसली. कलवं, पुलाकाचे कंद, नारळाच्या दुधातला नीरफणस, डुक्कर भाजलेलं. वडीलधारे एकेक उठून तिचे आभार मानू लागले: तू गेलीस म्हणून आपलं नाव तिथं वाचलं गेलं. कुणीही विचारलं नाही. विचारायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं, हे तिला त्यांच्या न विचारण्यावरूनच कळत होतं. फक्त लितो आजी, जिला ऐकू येत नाही आणि म्हणून ठरलेलंही कळत नाही, तिनं मोठ्यानं विचारलं, "किती सेकंद लागले गं?" सभागृहात शंभर-दीडशे माणसं, आणि एक काका चटकन पुढं होऊन म्हणाला, "आजी, नारळ घे." आजीनं नारळ घेतला. "गोड आहे," ती म्हणाली. "पण किती लागले?"

मग सुलामीला उठावं लागलं, कारण आभाराला आभारानं उत्तर द्यायचं असतं आणि त्याचा क्रम असतो. आधी देव. मग मोठे. मग मासे आणायला गेलेले, मग खड्ड्यातून पुलाका उपसणाऱ्या बायका, मग लाकूडफाटा आणणारे, भट्टी पेटवणारे, पानं घासणारे, पाणी भरणारी पोरं. मग जे नुसते येऊन बसले ते, कारण येऊन बसणं हेही काही कमी नाही. एक नाव सुटलं तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून शेवटी म्हणायचं असतं: आणि ज्याचं नाव मला ठाऊक नाही, तोही. ते सगळं तिनं बरोबर म्हटलं. एकही चूक झाली नाही. पण म्हणताना आपले हात रिकामे आहेत असं तिला वाटत राहिलं. खरोखरच रिकामे, म्हणजे बोटं कुठं ठेवावीत कळेना इतके. माणसानं आभार मानावेत आणि त्याबरोबर काहीतरी पुढं सरकवावं, एखादा मासा, चटई, चार शिंपले. ती मोकळ्या हातांनी उभी राहून गोड शब्द बोलत होती, आणि खाली बसलेली माणसं तेवढ्यावरच इतकी खूश होती की तिला रडू आलं. लोकांना वाटलं आनंदानं रडते.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. पहिला नंबर नको. तो मागण्याएवढी ती खुळी नव्हती. दुसरी फेरी नको. नावापुढं एक आकडा हवा. तेरा असो, चौदा असो, पंधरा असो. लितो आजीच्या कानाशी तोंड नेऊन सांगता येईल असा.

आणि ते तरी हातात होतं का? काल संध्याकाळी मास्तर तिन्ही पत्ते समजावून सांगत होते, पुन्हा एकदा, जसे वर्गात अपूर्णांक समजावून सांगतात तसे, आणि ती मान हलवत होती, आणि तिला आपले गुडघे आपल्या मालकीचे नाहीत असं वाटत होतं. शरीर काय करील याचा नेम नाही. मन म्हणतं थांब, आणि शरीराला वेगळंच काही ऐकू येतं.

फोनवर बाबा म्हणाले होते, "आवाज येतो का?" "येतो बाबा." "पाय पुसून मोजे घातलेस?" "घातले." "आज विमान होतं. एका डुकरानं हैराण केलं. दोनदा हाकललं, दोनदा आलं. तुझ्यापेक्षा जोरात पळतं." बाबा विमानतळावरच्या आगीच्या बंबावर होते. विमान आठवड्यातून तीनदा. ते यायच्या आधी भोंगा वाजवत बंब धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, कारण धावपट्टी एवढी एकच सपाट, मोकळी जागा सबंध बेटावर, आणि म्हणून सगळं तिच्यावरच: व्हॉलीबॉलची जाळी, मोटरसायकली, वाळत घातलेले कपडे, उकाड्यात चटया टाकून पडलेली माणसं, आणि मास्तरांनी चुन्यानं आखलेल्या दोन लेनी. "बाबा, रेडिओ लावणार का?" तिनं विचारलं होतं. "सभागृहात लावायचं म्हणतायत," बाबा म्हणाले. "सगळी जमणार आहेत. पण मी सांगून ठेवलंय, वीज गेली तर जाऊ द्या. उगीच जनरेटर-बिनरेटर नको." मग ते हसले आणि तीही हसली. फोन ठेवल्यावर तिला कळलं की बाबा तिच्यासाठी पळवाट खणून ठेवत होते, खेकड्यासारखे, हळूहळू, दोन्ही हातांनी.

हजेरीच्या खोलीत आता नावं पुकारत होते. सहाव्या लेनमधली मुलगी नाउरूची होती, लोविना नावाची, रुंद खांद्यांची, आणि ती शांतपणे च्युइंगगम चघळत होती. "तुला भीती वाटते?" तिनं विचारलं. इंग्रजीतच विचारलं, पण बेटावरच्या इंग्रजीत, ज्यात शब्द थोडे आणि मोकळी जागा जास्त. "वाटते," सुलामी म्हणाली. "मला पण," लोविना म्हणाली. "म्हणून चघळतेय. गिळून टाकीन बहुतेक." आणि मग आठही जणी एका रांगेत बोगद्यातून निघाल्या, आणि उजेड आला. सकाळचे अकरा वाजले होते. मैदान अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं, प्राथमिक फेरी पाहायला येतो कोण, पण अर्धं म्हणजेही तिच्या सबंध देशापेक्षा जास्त माणसं. लाल मार्ग पावलांखाली किंचित दबत होता. दूर तो वळला होता. ते वळण पाहून दर वेळी तिला नवल वाटे. ती जन्मात कधी वळणावर पळाली नव्हती. तिच्या बेटावर वळायला जागा नाही. सरळ जायचं, समुद्र आला की थांबायचं. तिनं सुटताना पाय टेकवायचे ब्लॉक पावलांनी मोजून लावले, दोन पावलं, तीन पावलं. घरी ब्लॉकचा एकच जोड, फळीवर खिळ्यांनी ठोकलेला. आपिनेलुचं झालं की तिचं, आणि मधे तो फळी आपल्या पायाच्या मापाला ठोकून ठेवी आणि विसरे, आणि मग हातोडीची शोधाशोध. इथं हाताच्या बोटानं खटका दाबला की झालं. फाकाफेताई, ती ब्लॉकला म्हणाली.

मग शांतता पसरली. ती गुडघ्यावर आली, बोटं रेषेमागं ठेवली. अंगठ्याच्या नखाखाली लाल रबराचा कण अडकलेला दिसत होता. बंदुकीच्या आधी हलायचं नाही. खांद्यांकडं बघायचं नाही. खांदे दिसू नयेत म्हणून तिनं डोळे त्या कणावर लावून ठेवले, आणि सगळं, म्हणजे खरोखर सगळं, ठीक होतं. इतकं ठीक की तिला दोन वर्षांत पहिल्यांदा आपले गुडघे आपले वाटले. तेव्हा मैदानाच्या भिंतीपलीकडून, कुठल्या तरी रस्त्यावरून, भोंगा वाजायला लागला. चढत जाणारा, वर गेल्यावर क्षणभर लटकणारा, पुन्हा उतरणारा. "सेट," पिस्तूलवाला म्हणाला. सुलामीची कंबर वर गेली नाही. ती उभी राहिली. उभी राहून उजवीकडं वळली, आठव्या लेनची रेषा ओलांडली, आडवी चालत गवतावर गेली. घाईनं नाही, पळत नाही. भोंगा झाल्यावर पळायचं नसतं, पळालं की पोरं पडतात. आणि घरी नियम असा की भोंगा वाजला की जे लेकरू जवळ असेल ते उचलायचं, कुणाचं का असेना. म्हणून गवतावर पोचल्यावर ती मागं वळली, लोविनाकडं हात केला आणि आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणाली, "ये गं इकडं. विमान येतंय."

कुणी हसलं नाही. हसू फुटायला वेळ लागतो. भोंगा दूर गेला, आणखी दूर गेला, संपला. आकाशात काहीही नव्हतं. सात मुली अजून वाकलेल्या, मग एकेक करून उठल्या. सुलामीनं आपला लांब केलेला हात पाहिला आणि हळूच खाली घेतला. संपलं. सभागृहात आत्ता सगळी रेडिओभोवती असतील, लितो आजीला पुढं बसवलं असेल. निवेदक नाव घेईल. थांबेल. आणि ती मंडळी पुन्हा भट्टी पेटवतील, पुन्हा डुक्कर कापतील, पुन्हा हार घालतील. तेच तिला सोसवेना, त्यांचं पुन्हा न विचारणं.

पंच बाई येत होती. पांढऱ्या केसांची, बुटकी, पाय जरा फेंगडे टाकत चालणारी. पत्ते तिच्या खिशात होते. वरची कड दिसत होती, पण रंग दिसत नव्हता. "काय झालं?" तिनं विचारलं. रागानं नाही, डॉक्टरनं विचारावं तसं. सुलामीच्या डोक्यात तिकिटांच्या कचेरीतलं सगळं इंग्रजी होतं: आपलं पत्र मिळालं, विलंबाबद्दल क्षमस्व. "क्षमा करा," ती म्हणाली. "तुला काही दुखलं?" "नाही." "मग?" "विमान," सुलामी म्हणाली. बाईनं वर पाहिलं. सुलामीनंही पाहिलं. दोघी जरा वेळ रिकाम्या आकाशाकडं पाहत राहिल्या. "विमान नाही," बाई म्हणाली. "नाही," सुलामी म्हणाली. पुढं काय सांगायचं? की आमच्याकडं मैदान नाही, आहे ती धावपट्टी आहे. की माझे बाबाच तो भोंगा वाजवतात. की मी पाळण्यात असल्यापासून हा आवाज आला की मला कुणी ना कुणी उचलून बाजूला नेलं आहे, आणि कित्येकदा नेणाऱ्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. की बंदुकीच्या आधी हलू नको हे मला शिकवायला दोन वर्षं लागली, भोंग्यावर हल हे शिकवायला कुणालाच काही करावं लागलं नाही? एवढं इंग्रजी कुणापाशी होतं? बाईचा हात खिशाकडं गेला.

"तिचं ऐका," सहाव्या लेनमधून लोविना म्हणाली. च्युइंगगम तिनं बहुधा गिळलं होतं. "तिच्या गावात लोक धावपट्टीवरच पळतात. विमान आलं की भोंगा होतो, सगळ्यांनी बाजूला व्हायचं. आमच्याकडं विमान आलं की रस्ता बंद करतात. मी पण ब्रेक दाबला असता." "ब्रेक?" बाई म्हणाली. "म्हणजे गाडीत असते तर," लोविना म्हणाली. "ती मला पण बोलवत होती, बघितलंत ना? वाचवत होती मला." आता मात्र कुठं तरी दोघं-तिघं हसले. बाई हसली नाही. तिनं सुलामीकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं, मग कानातल्या यंत्रात आपल्या भाषेत काहीतरी बोलली, ऐकलं, पुन्हा बोलली. "बाहेर आवाज झाला," शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, जणू स्वतःच्याच वहीत टिपून घेत असल्यासारखी. "बाहेरून मोठा आवाज झाला. खरंय." आणि पत्ता वर केला. एकेका लेनपुढं जाऊन वर केला, पहिलीपासून. सातव्या लेनपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला, कारण ती फेंगडी चालत होती, आणि उन्हात रंग कळत नव्हता, आणि सुलामीनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पत्ता तिच्या नाकासमोर होता. पुलाकाच्या कोवळ्या पानासारखा हिरवा.

आता ही शर्यत. ती सांगण्यासारखी नाही. आठ मुली पळाल्या आणि पाच सुलामीच्या पुढं गेल्या, एवढंच. पण आत, जिथं कुणाचं कॅमेऱ्याचं यंत्र पोचत नाही, तिथं ती बंदूक झाल्यावर हलली, नंतर, ठळकपणे नंतर, आणि पहिल्या पावलाला देव, दुसऱ्याला मोठे, आणि मग क्रम कुठं राहतोय, हातोडी शोधून आणणारा आपिनेलु, फळ्या, फळ्यांचे खांदे, चुना, पाऊस पडला की चुना पुन्हा आखणारे मास्तर आणि पुन्हा पाऊस, बूट पाठवणारी कुणी ऑकलंडची बाई जिचा पाय अर्ध्या नंबरानं मोठा होता, बुटात कोंबलेलं आत्याचं कापड, आणि मधेच डावीकडं लोविनाचा श्वास, हः हः हः, ती पुढं, ती मागं, ती पुढं, विणताना दातांत धरलेल्या पट्ट्या, तिकिटाच्या कचेरीतले साहेब जे दुपारी चारला घड्याळाकडं पाहून म्हणत माझं डोकं दुखतंय, जा तू, आणि त्यांचं डोकं कधी दुखत नसे, धावपट्टीवर आपली मोटरसायकल आडवी घालून तिच्यासाठी दहा मिनिटं रस्ता अडवणारा कोण होता तो, कोण होता, समुद्र डावीकडं, खाजण उजवीकडं, मागून वारा, वाऱ्यालाही, आणि रेषा आली, आणि समुद्र आला नाही, म्हणून ती आणखी बरीच पुढं पळत गेली.

फलकावर नावं एकाखाली एक उमटली. सहावी ओळ. तौपाले, सुलामी. त्यापुढं तेरा पॉइंट शून्य चार. ती फलकाजवळ जाऊन उभी राहिली, मान मागं टाकून, आणि तो आकडा तिथून पुसला जातो का हे पाहत राहिली. पुसला गेला नाही. नंतर बोगद्यापाशी मास्तर तिला भेटले तेव्हा त्यांनी डबीतलं घड्याळ पुढं केलं. त्यात तेरा पॉइंट एक होता. "माझं जरा पुढं पळतं," ते म्हणाले, आणि मग शिक्षकाचा स्वभाव जाईना म्हणून त्यांनी हेही सांगून टाकलं, "आपल्या देशाचा विक्रम तेरा पॉइंट शून्य सहा. पण वारा दोन पॉइंट दोन होता. मागून. दोनच्या वर गेला की विक्रम धरत नाहीत." "नाही धरला?" "नाही." आपिनेलु कठड्यावरून लोंबकळत होता. "बघ, म्हटलं नव्हतं? आडवी! सगळ्या जगानं पाहिलं, नुकुफेतौचा खेकडा." "तुझ्यासारखी सातवी तर नाही आले," सुलामी म्हणाली. मास्तर अजून तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते, विक्रमाचं ऐकून तिला किती लागलं ते शोधत. लागलं नव्हतं. वाऱ्यानं ढकललं असेल तर ढकललं. ढकलणारे काय थोडे होते? तो एकटाच मापात सापडला, इतकंच.

बोगद्यात पाण्याच्या बाटल्या वाटणारी एक मुलगी उभी होती. सुलामीनं तिला विचारलं, मघाशी बाहेर आवाज झाला, तो कशाचा? मुलीला कळलं नाही. मग सुलामीनं तोंडानं तसा आवाज काढून दाखवला, चढता, लटकता, उतरता. "अच्छा, ते," मुलगी म्हणाली. "रुग्णवाहिका. पलीकडं इस्पितळ आहे ना. दिवसातून वीसदा जाते." ती इतक्या सहज म्हणाली की सुलामीनं पाण्याचा घोट घेतला आणि तो गिळायचा राहून गेला. घरी तो आवाज म्हणजे कुणीतरी येतंय. कुणाचा मुलगा, टपालाची पोती, सफरचंदं, लग्नाची नवरी. इथं त्या आवाजात कुणीतरी आडवं पडलेलं होतं. ती ब्लॉकमधून उभी राहिली, लोविनाला हात केला, आकाशाकडं पाहिलं, हिरवा पत्ता पाहिला, पळाली, फलक वाचला, आणि त्या सगळ्या वेळात ते माणूस, बाई असेल, पुरुष असेल, कुणाची आजी असेल, छतातल्या छोट्या दिव्याकडं पाहत त्या गाडीत हलत होतं, आणि बाहेर कुठल्या तरी मुलीला आपल्यासाठी बाजूला व्हावंसं वाटलं हे त्याला कधीही कळणार नव्हतं. लोक बाजूला झाले असतील ना? ट्राम थांबली असेल ना? ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं पुन्हा सगळ्यांचे आभार मानले, या वेळी क्रमानं, न घाबरता, एकेकाला जागा देत: पंच बाई, तिचे फेंगडे पाय, लोविना, लोविनानं गिळलेलं च्युइंगगम. आणि शेवटी जे म्हणायचं असतं ते म्हणताना, ज्याचं नाव मला ठाऊक नाही तोही, ती पहिल्यांदा तिथं थांबली. आजवर ती ओळ तिनं घसरून पडू नये म्हणून धरायच्या कठड्यासारखी वापरली होती. त्या ओळीत आज खरंच कुणीतरी होतं. बरं होऊ दे, ती म्हणाली. मोठ्यानंच म्हणाली. बाटल्यांच्या मुलीला वाटलं आणखी एक हवी, आणि तिनं ती दिली.

फोन परत मिळाला तेव्हा तिकडं रात्रीचे साडेनऊ होऊन गेले होते आणि सभागृहातला गलका बाबांच्या आवाजावर चढत होता. "वीज गेली नाही," बाबा म्हणाले. "जाईल जाईल म्हणून वाट बघितली, गेलीच नाही." "ऐकलंत?" "ऐकलं की. आधी माशांचे भाव, मग बोटीचं वेळापत्रक, मग तू." "कसं वाचलं?" "नीट वाचलं. आकडा दोनदा वाचला." मग फोन हातोहात फिरला, कुणी हसलं, कुणी रडलं, कुणी खोकलं, आणि एकदम अगदी जवळून, तोंड फोनला चिकटवून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात लितो आजी म्हणाली, "किती गं?" सुलामीनं सांगितलं. "काय?" आजी म्हणाली. सुलामीनं बोगद्यात, परक्या माणसांच्या येण्याजाण्यात, पुन्हा सांगितलं, ओरडून. "हां," आजी म्हणाली. "मघापासून ही सगळी सांगतायत, पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

सुलामी सात वर्षांची असताना सुटीत नुकुफेतौला गेली होती, तेव्हा चर्चच्या मागच्या वाळूत मुलींची शर्यत झाली होती. अकरा मुली होत्या. ती पहिली आली होती. वेळ कुणी मोजली नव्हती.